जेवलीस की गिळलीस?

आमच्या सरांना माणसांची नावं आठवत नसत. पण माणूस कसा खातो ते एकदा पाहिलं, की ते जन्मात विसरत नसत. "तो गे, बँकेतला, दहीभातात बोट फिरवत बसणारा," असं ते सांगायचे. किंवा "आपला ऑडिटर, लोणचें आधी संपवून मग भाताकडे दीनवाणें पाहणारा." समोरच्याला ओळख पटली नाही की वैतागायचे. "त्याच्या शेजारी बसून जेवलांत, आणि पाहिलें नाहीं? मग जेवतांना तुम्ही करतां तरी काय?"

मला त्यांनी नोकरीवर घेतलं तेही असंच. लग्न होऊन मी नुकतीच चेन्नईला आले होते. नवरा चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यात, घर तिथल्याच सरकारी क्वार्टर्समध्ये. माझ्याकडे पशुपोषणाची पदवी होती आणि तमीळ अजिबात नव्हतं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पशुखाद्याचा एक लहानसा कारखाना होता, तिथे मुलाखतीला गेले. सरांनी माझी सर्टिफिकेटांची फाईल न उघडता बाजूला सारली, माझं मराठी आडनाव ऐकून खूश झाले आणि म्हणाले, "चल गे अम्मा, टिफिन खाऊ."

कोपऱ्यावरच्या कँटीनमध्ये माझ्यासाठी मसाला डोसा आला, त्यांच्यासाठी नुसती कॉफी. मी खात होते आणि हा सत्तरीकडे झुकलेला, कपाळावर गंधाची रेघ असलेला गृहस्थ कॉफी थंड होऊ देऊन माझ्याकडे पाहत होता. पशुपोषणाबद्दल एक प्रश्न नाही. डोसा संपल्यावर म्हणाले, "कडेकडून खातेस. मधला मसाला शेवटास ठेवतेस. भित्री आहेस, परंतु लबाड नव्हेस. सोमवारीं ये."

हे वाक्य मी इतकी वर्षं बरोबर वागवलं आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागासाठी हे लिहिते आहे. मी मुळात कमी बोलणारी. घरातही लोक मला "काय झालं?" असं दोनदा विचारतात, तेव्हा एकदा उत्तर मिळतं.

सरांची मराठी तंजावरकडची, पिढ्यान् पिढ्या तमीळ मुलखात राहिलेल्या घरातली. 'मज', 'तुज', 'कोठें' आणि मध्येच 'पोदुम', म्हणजे पुरे, आणि 'अय्यो'. सुरुवातीला मला वाटायचं, कोणीतरी पोथी वाचतंय आणि वाचता वाचता रिक्षावाल्याशी भांडतंय. त्यांना माझी मराठी बेचव वाटे. "वर्तमानपत्रासारखी बोलतेस," म्हणायचे. दुपारी डबा खाऊन कोणी जागेवर आलं, की सरांचा प्रश्न ठरलेला असे. बाईमाणूस असेल तर, "जेवलीस की गिळलीस?" पुरुष असेल तर, "जेवलास की गिळलास?" एकदा कारखान्याच्या मालकांनाच त्यांनी हा प्रश्न केला होता. मालक वयाने त्यांच्या मुलाएवढे. ते म्हणाले, "सर, मीटिंग होती." सर म्हणाले, "म्हणजे गिळलांत."

त्यांच्या पँटच्या डाव्या खिशात कायम चिंचोके असत. आवडीच्या पलीकडे कारखान्याच्या दोन शेड होत्या. तिथे बंदिस्त कोकरं वाढवून आमच्या खाद्याची परीक्षा व्हायची. सर वेस्ट मांबलमला राहायचे. तिथून दोन गाड्या बदलून, रोज सकाळी, ते त्या शेडवर यायचे, लाकडी स्टूल मांडायचे आणि बसायचे. कोकरू गव्हाणीशी आलं की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात. रवंथ करायला लागलं की एक शर्टाच्या खिशात. मी म्हटलं, "सर, आता कॅमेरे लावता येतात." ते म्हणाले, "कॅमेरा पाहतो. परंतु त्याला भूक लागत नाहीं. मग त्याला काय कळणार?"

सरांच्या बायकोला आम्ही सगळे मामी म्हणायचो. मामींचं म्हणणं, त्यांच्या वॉशिंग मशीनमध्ये एक दिवस चिंचेचं झाड उगवणार. लग्नाकार्याला नवऱ्याचे खिसे त्या आधी तपासायच्या. कारण सर पंगतीतही मोजायचे. एका पंगतीत त्यांनी नवरदेवाला पाहून जाहीर केलं होतं की हा मुलगा संसार करणार नाही; पायसम गिळतो आणि डोळे शेजारच्या पानावर. ते जोडपं अजून सुखात आहे, जुळी मुलं आहेत. आठवण करून दिली की सर फक्त म्हणायचे, "थांबा."

ते स्वतः शुद्ध शाकाहारी. कांदासुद्धा चतुर्थी-एकादशी पाहून. आणि आयुष्यभर कोकरं कशाने लवकर भरतात याचा अभ्यास. हे कसं जमतं असं मी एकदाच विचारलं. "मी वाढपी," ते म्हणाले. "वाढपी पान उठल्यावर काय होतें तें विचारीत नाहीं." पण कोकरं न्यायला लॉरी यायची त्या दिवशी सर रजेवर असत. मांबलम स्टेशनच्या बाकावर बसून, गाडीची वाट बघत वडा खाणाऱ्या लोकांकडे पाहत ते दिवस काढायचे, असं मामींनी मला सांगितलं.

त्यांचा सगळा सिद्धांत चार शब्दांत मावायचा: आधी लांब, मग बारीक. जनावराच्या पोटात आधी लांब धाग्याचा चारा पडला पाहिजे, दाणा नंतर. नुसत्या गोळीपेंडीवरचं कोकरू भराभर खातं, वजनही भराभर घेतं. पण गव्हाण रिकामी झाली की त्याला काम उरत नाही. चघळायला काही नाही, म्हणून लाळ सुटत नाही. लाळ नाही, म्हणून पोटात आंबतं. मग ते भिंत चाटतं, बांबू कुरतडतं, शेजाऱ्याचा कान चोखतं. चाऱ्यावरचं कोकरू सावकाश खातं, मग पाय दुमडून बसतं आणि रवंथ करत जगाकडे बघतं. "रिकामें माणूस आणि रिकामे दात," सर म्हणायचे, "दोन्ही घर मोडतात." स्वतःच्या पानावरही हाच नियम. आधी पालेभाजी, शेंगा, केळफुलाची भाजी. भात सर्वात शेवटी. मामी म्हणायच्या, "भात थंड होऊन रागावला की मग हे त्याची समजूत घालायला वळतात."

मालकांना चारा नको होता. त्यांच्या डोक्यात सगळं पोत्यात होतं. "सर, चारा म्हणजे जागा, माणसं, पावसात भिजणं. गोळी म्हणजे पोतं फोडा आणि ओता! शहरातली माणसं गच्चीवर कोकरं वाढवतील."

"वाढवतील," सर म्हणाले. "मग तीं कोकरें तुमच्या टाकीचें झाकण खातील."

शेवटी ठरलं की परीक्षा घ्यायची. एका शेडमध्ये नुसती गोळीपेंड. दुसरीत तीच पेंड आणि वर भुईमुगाचा वाळलेला पाला. कोकरं सारखी, पाणी सारखं, सावली सारखी. पोंगलची सुट्टी संपली की मालक विक्रेत्यांना घेऊन येणार, आणि गोळीची शेड ठणठणीत दिसली तर चाऱ्याचा विषय कायमचा बंद. पाठोपाठ शेडही बंद, कारण नुसती गोळी तपासायला प्रयोगशाळा पुरते. सरांना मग गिंडीच्या खोलीत खुर्ची मिळणार होती. स्टूल नव्हे, खुर्ची.

आणि सर हरत होते. गोळीवरची कोकरं टुमटुमीत झाली होती. थोडंफार बांबू कुरतडणं होतं, पण मालकांना ते दिसत नव्हतं, वजन दिसत होतं. सर स्टुलावर बसून राहायचे, चिंचोके मोजताना चुकायचे, काही खाली सांडायचे. मी उचलून द्यायची.

पोंगलला सर कुलदैवताला तंजावरला गेले. जाण्याआधी शेडचं सगळं बघणाऱ्या मुनियम्माला त्यांनी माझ्यासमोर बजावलं, "मुनियम्मा, सणाचा गोड भात एक शीतसुद्धां कोकरांना घालायचा नाहीं." हे त्यांनी तमीळमध्ये सांगितलं, आणि मग माझ्यासाठी मराठीत पुन्हा म्हटलं. मला वेगळं बजावण्याची गरज त्यांना वाटली नाही. मी शिकलेली होते ना.

पोंगलचा दुसरा दिवस तिथे जनावरांचा असतो. आवडीच्या रस्त्यांवर गायी रंगवलेल्या शिंगांनी, गळ्यात माळा घालून फिरत होत्या. आमच्याकडे पोळ्याला बैलांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय वडील घास घ्यायचे नाहीत. बैलाच्या जिभेचा खरखरीत स्पर्श तळहाताला होईपर्यंत मलाही सण आल्यासारखा वाटायचा नाही. नवरा ड्युटीवर, मी घरात एकटी. मी डाळ शिजायला घातली. कोणासाठी ते त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही.

दुपारी डबा घेऊन शेडवर गेले. मुनियम्मा कोकरांना हळद-कुंकू लावून घरी गेली होती. आधी पाल्याची शेड लागते. तिथे सगळी बसलेली. मी हाका मारल्या, पोळी दाखवली, एकाच्या अगदी नाकाशी नेली. त्याने हुंगली आणि तोंड हलवत राहिलं. एकही उठलं नाही. सण माझा, पोळ्या माझ्या. मला चक्क अपमान वाटला. मग गोळीच्या शेडकडे वळले, तर तिथली माझी चाहूल लागताच फाटकावर चढलेली, एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन. म्हटलं, यांना तरी कदर आहे. डबा तिथेच रिकामा झाला. नवऱ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पोळ्याही गेल्या. तळहाताला जिभा लागल्या आणि मी थोडं रडले, ते बरं वाटून.

पशुपोषणाची पदवी, आणि दाण्यावर पोसलेल्या कोकरांना गूळ आणि कणीक, म्हणजे आंबणाऱ्या पोटात आणखी भर. मला तेव्हा आठवलंच नाही असं म्हणणार नाही. आठवलं होतं. पण एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. बैलांना कुठे काय होत होतं!

सोमवारी मालक विक्रेत्यांना घेऊन आले. सर तंजावरहून थेट आले होते, हातात प्रसादाची पिशवी. गोळीच्या शेडची गव्हाण भरलेली, तशीच. कोकरं पाठी वाकवून उभी, मागचे पाय घाण झालेले. दोन कोकरं एकच बांबू कुरतडत होती, एक भिंत चाटत होतं, आणि एक अतिशय मन लावून एका विक्रेत्याची पँट चाटत होतं. पलीकडे पाल्याची कोकरं रवंथ करत बघत होती, जणू यांचाच कार्यक्रम ठेवलाय.

सरांनी आधी मुनियम्माला बोलावलं. सगळ्यांदेखत विचारलं, भात घातलास का? मुनियम्माचा चेहरा पडला. तिने मारियम्मन देवीची शपथ घेतली, नातवाच्या डोक्यावर हात ठेवायची भाषा केली. सर म्हणाले, "पोदुम. मुनियम्मा खोटें बोलत नाहीं." पाणी बघितलं, पेंड हुंगली. मला कोणी काही विचारलं नाही.

"सर..." मी म्हटलं.

"अम्मा, सोडा आण. खायचा. लवकर."

मी सोडा आणायला गेले. आता सांगायचं आहे ते एवढंच, की मला त्या क्षणी फार हायसं वाटलं. परत आले तेव्हा सर बोलत होते. मी त्यांना असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. एका हातात भुईमुगाचा पाला, दुसऱ्या हातात गोळीपेंड, आणि मालक शाळेतल्या मुलासारखे उभे. "हें पोट आहे, पोतें नव्हे!" ते म्हणाले, आणि विक्रेत्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याची पँट चाटून ओली झाली होती त्याने सर्वात जोरात. कोकरांना आम्ही दोघांनी सोड्याचं पाणी पाजलं. दोनेक दिवसांत सगळी खायला लागली, एकही दगावलं नाही. मुनियम्मा मात्र त्यानंतर बरेच दिवस घुश्शात होती. सरांशी नव्हे, सगळ्या जगाशी. आणि मला चहा गार द्यायची, का ते तिलाही माहीत नसावं.

कारखान्याच्या प्रत्येक पोत्यावर तेव्हापासून तमीळ आणि इंग्रजीत एक ओळ छापली जाते: सोबत लांब चारा अवश्य द्यावा. छापून आलेलं पहिलं रिकामं पोतं सरांनी घरी नेलं आणि देवघराशेजारी खिळ्याला टांगलं. मामींनी त्यावर झिरझिरीत पडदा लावला. सरांनी तो काढला. मामींनी पुन्हा लावला. अजूनही तो कधी असतो, कधी नसतो. त्यावरून त्या घरात कोणाचं चाललंय ते कळतं.

'तो सोमवार' सर सगळ्यांना सांगायचे. दरवर्षी गोष्ट जरा मोठी व्हायची. एक बांबू कुरतडला होता, त्याचे चार झाले. मग फाटक अर्धं खाल्लं. विक्रेत्याच्या पँटचा तर पायच गेला. आणि शेवटी दर वेळी, "हिने डोळ्यांनी पाहिलें. विचारा हिला." मी मान हलवायची. मान हलवणं खोटं बोलण्यापेक्षा सोपं असतं, बाकी फरक काही नाही.

सर निवृत्त झाले, त्यांचं स्टूल माझ्याकडे आलं. तीच परीक्षा पुन्हा घ्यायचं मनात खूपदा यायचं. पण सर चुकलेले निघाले तर मला तोंड उघडावं लागलं असतं, आणि बरोबर निघाले असते तरी आधीच्या वेळी काय झालं ते उरलंच असतं. म्हणून घेतली नाही. सरांना आयुष्यात एकच मोठा विजय मिळाला होता, आणि तो माझ्या डब्यातून आलेला होता.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. ऐंशी पार केल्याचा सोहळा ठरला होता, शताभिषेक. हॉल ठरला, मुलगा परदेशातून येणार. "अम्मा, तूं बोलायचें. मराठींत. बाकी कांहीं नको, तो सोमवार सांग."

"सर, मला बोलता येत नाही."

"सोमवार तूं पाहिलास. पाहिलेलें सांगायला काय यावें लागतें?"

नुसती मान हलवणं वेगळं. माइकसमोर, त्यांच्या मुला-नातवंडांपुढे ते सगळं उभं राहून सांगायचं, हे मला जमणार नव्हतं. आणि खरं सांगून ऐंशी वर्षांच्या माणसाच्या सणाच्या दिवशी त्याचं पोतं खिळ्यावरून उतरवायचं, तेही जमणार नव्हतं. मी आधी मुनियम्माला फोन केला. ती आता गावी लेकीकडे असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग मला तमीळमध्ये जे झोडपलं, ते सगळं मला समजलं, इतकं माझं तमीळ आता चांगलं आहे. शेवटी म्हणाली, "अय्यांना सांग. नाहीतर मी सांगेन. आणि मी सांगितलं, तर दहा पोळ्या वाढवून सांगेन."

सोहळ्याच्या आदल्या सकाळी मी वेस्ट मांबलमला गेले. बरोबर पुरणपोळ्यांचा डबा. गुन्हा करतानाचं हत्यार घेऊन हजर व्हावं तसं. मामी खाली बसून आगत्ती कीरै, म्हणजे हादग्याचा पाला, निवडत होत्या, ढीगभर. सर आरामखुर्चीत. पोत्यावर पडदा नव्हता.

"पुरणपोळी!" सर म्हणाले. "आज काय विशेष?"

मी सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, वर्तमानपत्रासारख्या मराठीत. पोळा, डबा, फाटक, सोडा. मुनियम्मा. सोमवार.

"अय्यो," मामी म्हणाल्या. "पुरण? कोकरांना? वेलची घालून?"

सरांनी पोत्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता उठतील आणि ते काढतील, आणि मग मी काय करायचं ते मला माहीत नव्हतं. खाली गाडी जाऊन तिचा आवाज विरला.

"कोणच्या शेडींत घातलीस?" त्यांनी विचारलं.

"गोळीच्या."

"दोन्हींत कां नाहीं? सण काय एकाच शेडीचा होता?"

"पाल्याच्या शेडमध्ये आधी गेले होते, सर. ती उठलीच नाहीत."

"उठलीं नाहींत म्हणजे?"

"बसली होती. रवंथ करत होती. मी हाका मारल्या. एकाच्या नाकाशी पोळी नेली. त्यानं हुंगली आणि... नाही उठलं."

सर आरामखुर्चीतून उठले. ऐंशी वर्षांचा माणूस इतक्या पटकन उठताना मी पाहिला नव्हता. "तुपाची होती?"

"हो."

"गरम?"

"कोमट."

"कोमट, तुपाची पुरणपोळी नाकाशीं, आणि उठलें नाहीं!" ते मामींकडे वळले. "ऐकलेंस? नाहीं उठलें! आणि गोळीचीं फाटकावर चढलीं!" मग माझ्याकडे. "अगे पापिणी! इतकीं वर्षें हें मजपासून लपविलेंस?"

"सर, मी पोळी घातली ते—"

"पोळी जाऊं दे खड्ड्यांत! सणाला जनावर पाहून पोळी कोणीही मराठी माणूस घालील. मी जन्मभर स्टुलावर बसून जें शोधलें तें तुझ्या डोळ्यांपुढें झालें. ज्याचे दात भरलेले, तें पुरणालाही उठत नाहीं. आणि तूं? तुला अपमान वाटला!" त्यांना धाप लागली होती. मामींनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "आधी काय खाल्लें गोळीच्यांनी? कड की पुरण?"

"पुरण चाटलं. कडा बऱ्याचशा टाकल्या."

"टाकणारच," ते म्हणाले, आणि खाली बसले. जरा शांत झाले. "सोमवार खोटा होता मग."

"हो, सर."

"वाक्य खरें आहे," पोत्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "कारण चुकलें होतें. राहूं दे तें. उद्यां सोमवार सांगूं नको. तुझा सण सांग. पोळीसकट." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मुनियम्माला मी सगळ्यांदेखत विचारलें होतें. तिला गाडी पाठव. उद्यां पुढच्या रांगेंत बसूं दे. सगळ्यांदेखत."

"हो, सर."

"तुला घेतलें तेव्हां मी काय म्हणालों होतों? भित्री आहेस, आणि?"

"लबाड नव्हेस."

सर विचारात पडले. "डोसा लहान होता त्या दिवशीं," ते म्हणाले. "नीट पाहतां आलें नाहीं."

मामी इतक्या हसल्या की कीरैची पानं इकडेतिकडे झाली. त्यांनी डबा उघडून तीन ताटल्यांत पोळ्या वाढल्या, वर तूप. सरांनी नियमाप्रमाणे कडेपासून सुरुवात केली, एकेक घास सावकाश चावत. त्यांना जेवताना बघायला मला नेहमीच आवडायचं, पण त्यांच्याकडे उघडपणे बघायची हिंमत त्या दिवशीच झाली.

मग मीही माझी पोळी उचलली. आणि का कोण जाणे, कड सोडून सरळ मधला, पुरणाचा घास तोडला.

समोर सरांचं चावणं थांबलं. त्यांचा हात हळूच डाव्या खिशाकडे गेला आणि एक चिंचोका उजव्या खिशात पडला.